चेहरा माणसाचा, झगा पदाचा: जोसॉन दरबारातील अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे

आपण विचारले आहे की, कोरियातील जुन्या दरबारी अधिकाऱ्यांच्या चित्रांत देवीचे व्रण, चामखिळी आणि डाग इतक्या बारकाईने दाखवलेले असताना अंगावरचा झगा मात्र कागदातून कातरून काढल्यासारखा सपाट का दिसतो, आणि चेहऱ्याचा हा खरेपणा युरोपीय चित्रकलेच्या प्रभावातून आला का. रेशमावरील आणि कागदावरील जुन्या चित्रांच्या जतनाचे काम मी करते, त्यामुळे या चित्रांकडे जितके पुढून पाहावे लागते तितकेच मागूनही पाहावे लागते. आधी थोडक्यात उत्तर देते. चेहऱ्याचा खरेपणा युरोपातून आलेला नाही, तो त्याआधीचा आहे. युरोपीय पद्धतीने त्याला अठराव्या शतकात छायेची जोड दिली, इतकेच. आणि चेहरा व झगा यांत दिसणारी तफावत ही चित्रकाराची उणीव नव्हे. चेहरा त्या एकाच माणसाचा असायला हवा होता आणि झगा त्याच्या पदाचा, म्हणून एकाच रेशमावर दोन वेगळे नियम पाळले गेले.

जोसॉन घराण्याने १३९२ ते १९१० या काळात कोरियावर राज्य केले, आणि या राज्याचा पाया नवकन्फ्यूशियन विचारांचा होता. अधिकाऱ्याचे चित्र दिवाणखान्यात मिरवण्यासाठी काढले जात नसे. पुष्कळदा ते त्याच्या पश्चात कुळाच्या चित्रगृहात किंवा स्मृतिमंदिरात टांगले जाई आणि त्यापुढे वंशज वाकून नैवेद्य दाखवत. येथेच एक जुना पेच होता. चिनी तत्त्वज्ञ चंग यी यांच्या नावाने सांगितला जाणारा एक विचार कोरियातील विद्वानांना पाठ होता: चित्रातला एक केस जरी मूळ माणसासारखा नसेल, तरी तो दुसराच कोणी माणूस ठरतो. मुळात हा युक्तिवाद पूर्वजपूजेत चित्र वापरण्याच्या विरोधात होता. चित्र चुकले तर आपण परक्याला नैवेद्य दाखवू, त्यापेक्षा नाव लिहिलेली लाकडी पाटीच बरी, असा त्याचा रोख होता. कोरियातील लोकांनी पाट्या ठेवल्याच, परंतु चित्रेही सोडली नाहीत. चित्र ठेवायचेच असेल तर त्यात केसाचीही चूक नको, असा त्या वचनाचा अर्थ त्यांनी लावला. आक्षेप म्हणून आलेले वाक्य चित्रकाराच्या कामाची कसोटी होऊन बसले. एकदा ही कसोटी मान्य केली की चेहऱ्यावरचा व्रण पुसून टाकणे हे सौजन्य राहत नाही. ती पूजेतली चूक होते.

ओ म्यॉंग-हांग यांचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १७२८ साली ई इन-ज्वा याने केलेले बंड मोडून काढणाऱ्या सैन्याचे ते सेनापती होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना पहिल्या श्रेणीचे गुणवंत सेवक घोषित करण्यात आले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. चित्रात छातीवर पदचिन्ह, म्हणजे पद दाखवणारे चिन्ह, म्हणून सारस पक्षी असलेला झगा आहे, डोक्यावर काळी टोपी आहे, आणि मध्ये काळवंडलेला, पिवळट झाक असलेला चेहरा आहे, ज्यावर देवीच्या व्रणांचे खळगे स्पष्ट दिसतात. तो वर्ण यकृताच्या गंभीर आजाराचा असावा, असे वैद्यकीय अभ्यासकांनी म्हटले आहे. म्हणजे राज्य वाचवणाऱ्या माणसाचा गौरव करण्यासाठी काढलेल्या चित्रात दरबाराने त्याचा आजार जसाच्या तसा ठेवला. सोंग छांग-म्यॉंग यांच्या चित्रात चेहऱ्यावर पसरलेले कोड दाखवलेले आहे. १७७४ साली घेतलेल्या एका विशेष परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या चित्रांचा एक संग्रह आहे, त्यातही देवीचे व्रण असलेले चेहरे आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी जोसॉन चित्रांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे तो उगाच नव्हे. डोळ्यांखालच्या पिशव्यांपासून गालावरच्या तिळापर्यंत सारे तेथे नोंदवलेले आहे.

अशी चित्रे कोणाची होत, हेही पाहायला हवे. राजघराण्याची चित्रे सोडली तर अधिकाऱ्यांच्या चित्रांचा मोठा प्रवाह गुणवंत सेवकांच्या चित्रांचा आहे. एखादे बंड मोडले, सत्तांतर झाले, युद्धात राजाचे रक्षण झाले की यादी जाहीर होई आणि यादीतल्या लोकांना किताब, जमीन, गुलाम यांच्याबरोबर सरकारी खर्चाने काढलेले चित्र मिळे. जोसॉन काळात अशा याद्या २८ वेळा निघाल्या, आणि शेवटची १७२८ च्या बंडानंतरची. चित्र मिळणे हा घराण्याचा मान होता, त्यामुळे वंशजांनी ते जिवापाड जपले. जुने झाले, किडले, तर त्याची नक्कल करून घेतली, आणि नक्कल करतानाही व्रण आणि डाग तसेच ठेवले. दुसरा प्रवाह वयोवृद्ध अधिकाऱ्यांच्या मंडळाचा, म्हणजे गिरोसोचा. सत्तरी गाठलेल्या अतिवरिष्ठ मुलकी अधिकाऱ्यांनाच तेथे प्रवेश असे. १७१९ साली राजा सुकजोंग स्वतः या मंडळात दाखल झाला, तेव्हाच्या सोहळ्याचा चित्रसंग्रह तयार करण्यात आला आणि त्यात सहभागी वृद्ध अधिकाऱ्यांचे चेहरेही आहेत. तो संग्रह आज कोरियाची राष्ट्रीय संपत्ती म्हणून नोंदलेला आहे. स्त्रियांची चित्रे मात्र या काळात जवळजवळ नाहीशी झाली. सुरुवातीच्या काळातील पतिपत्नींची काही चित्रे माहीत आहेत. पुढे परपुरुष चित्रकाराने कुलीन स्त्रीच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणे मर्यादेत बसेनासे झाले. हुबेहूबपणाच्या आग्रहाने ज्या कलेचे सोने झाले, त्याच आग्रहाने निम्मा समाज तिच्याबाहेर राहिला. कोरियन चित्रांचे गोडवे गाताना ही गोष्ट बहुधा सांगितली जात नाही.

आता कृतीकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचा अर्धा उलगडा तेथे होतो. पहिली पायरी कच्च्या रेखाटनाची. चित्रकार कोळशाने चेहरा मांडून घेई आणि मग तेल पाजलेल्या पातळ कागदावर शाईच्या रेघांनी तो पक्का करी. अशी रेखाटने एकाहून अधिक होत, आणि घरातली मंडळी किंवा दरबारी त्यांतून सर्वांत जवळचे निवडत. तेलामुळे कागद पारदर्शक झालेला असे, त्यामुळे तो रेशमाखाली ठेवला की रेघ न रेघ वर उतरवता येई. कोळसा मात्र सहज पुसला जातो. युन दु-सॉ यांचे अठराव्या शतकाच्या आरंभीचे आत्मचित्र त्यामुळे कसे फसवे झाले, ते सांगण्यासारखे आहे. या चित्रात कान आणि धड नसलेला चेहरा कागदावर तरंगताना दिसतो, आणि कित्येक वर्षे लोक त्यात चित्रकाराचे धाडस शोधत होते. १९३७ साली छापलेल्या एका जुन्या छायाचित्रात धडाच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि २००६ सालच्या वैज्ञानिक तपासणीत कानांच्या व वस्त्राच्या खुणाही सापडल्या. धड कोळशाने काढलेले होते, आणि ते बहुधा पुढे कधीतरी पुन्हा अस्तर लावताना झडून गेले.

दुसरी पायरी रेशमाची. विरळ विणीचे रेशीम लाकडी चौकटीवर ताणून त्याला सरस आणि तुरटी यांचे पाणी दिले जाई, म्हणजे रंग पसरत नसे आणि शाईची रेघ फुटत नसे. पुढून शाईच्या रेघा आल्या की चौकट उलटायची आणि रंग मागून भरायचा. या पद्धतीला कोरियन भाषेत बेछे म्हणतात. चेहऱ्यामागे सफेद्यात किंचित पिवळा आणि लाल मिसळून केलेला कातडीच्या वर्णाचा जाडसर थर, टोपीमागे काळा, झग्यामागे हिरवा किंवा निळा. रेशमाच्या धाग्यांच्या फटींतून हा रंग पुढे झिरपल्यासारखा दिसतो आणि तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा पुढचा अगदी पातळ थर त्यावर बसतो. त्यातून मिळणारी कातडीची आतून उजळलेली झाक पुढून कितीही रंग चढवला तरी साधत नाही, कारण पुढे रंग जाड झाला की शाईच्या बारीक रेघा बुजतात. जोसॉनच्या आधीच्या गोर्यो घराण्याच्या काळातील बौद्ध चित्रांतही हीच पद्धत आहे. म्हणजे जोसॉन चित्रकारांच्या हाती ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. काही कच्च्या रेखाटनांतही तेलकट कागदाच्या मागून रंग दिलेला आढळतो, यावरून मागचा रंग हा त्यांच्या पाहण्याचाच भाग होता, असे मला वाटते.

जतनाच्या कामात सर्वांत जास्त धास्ती याच थराची असते. रेशमाच्या पाठीला हांजी, म्हणजे तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा कोरियन कागद, खळीने चिकटवलेला असतो. जुने अस्तर काढताना रेशमाला लागून असलेला पहिला कागद घाईने ओढला तर त्याच्याबरोबर चेहऱ्यामागचा सफेदा निघून येतो आणि पुढून पाहणाऱ्याला चेहरा अचानक करडा, मलूल दिसू लागतो. पुढून रेघ अन् रेघ शाबूत असूनही माणूस गेल्यासारखा वाटतो. म्हणून हा कागद ओलावा देत, चिमट्याने तंतू-तंतू करून सोडवावा लागतो. एका चेहऱ्याएवढ्या जागेला कित्येक दिवस लागू शकतात. एखादे चित्र आपल्याला निस्तेज वाटले तर चित्रकाराला दोष देण्याआधी त्याच्या दुरुस्तीचा इतिहास विचारावा.

तिसरी पायरी पुढच्या बाजूच्या चेहऱ्याची, आणि येथे काळानुसार पद्धत बदलत गेली. पंधराव्या शतकातील शिन सुक-जू यांच्या चित्रासारख्या जुन्या चित्रांत चेहरा मोजक्या, ठाम रेघांवर उभा आहे. छाया जवळजवळ नाही. सतराव्या शतकापासून गालाची उंचवटी आणि डोळ्यांच्या खोबणी लालसर छटेने सुचवल्या जाऊ लागल्या. अठराव्या शतकात दोन गोष्टी घडल्या. बीजिंगला जाणाऱ्या कोरियन शिष्टमंडळांनी तेथील युरोपीय जेझुइट धर्मोपदेशकांची चित्रे पाहिली आणि छायाप्रकाशाची कल्पना दरबारी चित्रकारांपर्यंत पोहोचली. किम जिन-यॉ यांच्या कामात ती लवकर दिसते. त्याच काळात कातडीच्या पोताला धरून अतिबारीक, छोट्या फटकाऱ्यांनी चेहरा विणत जाण्याची रीत परिपक्व झाली. भिंगातून पाहिले तर नाकाच्या शेंड्याभोवती हे फटकारे वळसा घेतात, गालावर खाली उतरतात, कपाळावर आडवे होतात. स्नायू जसा वळतो तसा कुंचला वळतो. युरोपीय चित्रातल्यासारखा प्रकाश एका बाजूने येत नाही. जे उंच ते उजळ, जे खोल ते गडद, एवढेच. म्हणून अशा चेहऱ्याची सावली गळ्यावर किंवा कॉलरवर पडत नाही.

या बदलाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. जुनी अधिकाऱ्यांची चित्रे जवळपास सगळी पाऊण चेहऱ्याची आहेत, आणि त्याचे एक साधे कारण नाक हे आहे. चेहरा थोडा वळलेला असेल तर नाक एका रेघेत काढता येते. समोरून पाहिलेल्या नाकाला रेघ नसते, त्याला छायाच लागते. छाया हाती आल्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समोर पाहणारे चेहरे वाढले.

झग्याचे गणित वेगळे. गोल गळ्याचा झगा, दोन पंखांची काळी टोपी, काळे जोडे, छातीवर पदचिन्ह आणि कमरेला पट्टा हा सरकारी गणवेश होता आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूला नियम होता. पट्टा पहिल्या श्रेणीसाठी गेंड्याच्या शिंगाचा, दुसरीसाठी सोन्याचा, तिसरी-चौथीसाठी चांदीचा आणि त्याखाली काळ्या शिंगाचा असे. पदचिन्हाची पद्धत १४५४ साली सुरू झाली. तेव्हा मुलकी अधिकाऱ्यांत वरून खाली मोर, रानहंस आणि रुपेरी तितर असा क्रम होता. पुढे तो ढिला झाला आणि एकोणिसाव्या शतकात मुलकी वरिष्ठांना जोडीचे सारस, कनिष्ठांना एक, लष्करी अधिकाऱ्यांना वाघ-बिबट्याच्या जातीचे प्राणी असे सुटसुटीत झाले. झगा म्हणजे वाचायचा दस्तऐवज. त्यात घड्यांचे लालित्य दाखवण्यापेक्षा चिन्ह कोणते, पट्टा कोणता, हे निःसंदिग्ध दिसणे महत्त्वाचे. हातही बाहीत लपवलेले असत, कारण शिष्टाचार तसा होता आणि चित्राला हातांकडून काही सांगायचे नव्हते.

या सपाटपणाचा अभ्यासकाला फायदाच होतो. नावाची नोंद हरवलेल्या चित्राचा काळ ठरवताना आम्ही चेहऱ्याकडे शेवटी वळतो. आधी टोपीची उंची आणि तिच्या पंखांची रुंदी, झग्याच्या बगलेच्या फटीतून आतली वस्त्रे दिसतात की नाही, मागे उभे राहणारे त्रिकोणी टोक आहे का, हे पाहायचे. मग पायांखाली काय आहे ते. सतराव्या शतकाच्या चित्रांत भडक रंगाचे गालिचे येतात, पुढे त्यांच्या जागी फुलांच्या नक्षीची विणलेली चटई येते, आणि खुर्चीवर वाघाचे किंवा बिबट्याचे कातडे दिसू लागते. टोपीची उंची आणि चटई यांचा मेळ बसत नसेल, तर ते बहुधा नंतरच्या काळात केलेली नक्कल असते.

दोन नियम एकाच चित्रात नांदत होते, हे कामाच्या वाटणीतही दिसते. दोह्वासॉ या सरकारी चित्रकार्यालयात राजाचे चित्र काढायचे ठरले की मुख्य चित्रकार चेहरा करी, त्याचा सहकारी अंग आणि वस्त्रे सांभाळी आणि बाकीचे मदतनीस रंग व इतर कामे पाहत. १७९१ साली राजा जॉंगजो याच्या चित्रासाठी ई म्यॉंग-गी मुख्य होते, आणि आज ज्यांचे नाव कितीतरी मोठे आहे ते किम होंग-दो सहकारी होते. व्यक्तिचित्रात चेहरा काढता येणारा चित्रकार वरचढ, मग बाकी त्याची कीर्ती काही असो. तरीही चित्रकाराचा सामाजिक दर्जा बेताचाच होता. जो यॉंग-सॉक हे विद्वान कुळातले अधिकारी चित्रकलेत तरबेज होते. त्यांनी आपल्या थोरल्या भावाचे, जो यॉंग-बोक यांचे, साध्या वेशातले सुंदर चित्र काढले आहे. पण १७३५ साली राजा सेजो याच्या जुन्या चित्राच्या नकलेच्या कामावर त्यांना बोलावले, तेव्हा हस्तकौशल्याने राजसेवा करणे विद्वानाला शोभत नाही असे म्हणून त्यांनी नकार दिला आणि शिक्षा ओढवून घेतली. गंमत अशी की त्याच भावाचे अधिकारी वेशातले, दरबारी चित्रकार जिन जे-हे यांनी काढलेले चित्रही उपलब्ध आहे. दोन्ही चित्रे एकामागून एक पाहावीत: गणवेशातल्या चित्रात हात बाहीत गेलेले, भावाने काढलेल्या चित्रात दोन्ही हात उघडे, मांडीवर विसावलेले.

छे जे-गोंग यांच्या १७९२ च्या चित्रातही हात दिसतात, पण त्याचे कारण दरबारीच आहे. ते जॉंगजोचे अत्यंत विश्वासू मंत्री. ई म्यॉंग-गी यांनी काढलेल्या या चित्रात ते फिकट लाल झग्यात चटईवर बसले आहेत, हातात राजाने दिलेला पंखा आणि सुगंधी द्रव्याची पिशवी आहे, आणि ते दाखवता यावे म्हणूनच हात बाहेर आले आहेत. वर त्यांनी स्वतः लिहिलेल्या ओळींचा आशय असा आहे की देह आणि चैतन्य आईवडिलांचे, नखशिखांत सन्मान राजाचा, पंखा राजाची कृपा, सुगंधही राजाची कृपा, आणि याची परतफेड करण्याचा उपाय आपल्यापाशी नाही. इतक्या कृतज्ञतेच्या चित्रात त्यांचा तिरळेपणा चित्रकाराने लपवलेला नाही आणि त्यांनीही लपवू दिलेला नाही. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एका दिशेला नाहीत, हे पहिल्या नजरेत कळते.

अधिकारी असून चित्रकारही असलेले कांग से-ह्वांग यांनी या साऱ्या व्यवस्थेची थोडी थट्टाच केली. १७८२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी काढलेल्या आत्मचित्रात त्यांनी डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी आणि अंगात घरगुती साधा झगा घातला आहे, आणि मन रानावनात असून नाव दरबारात आहे असे वर लिहून ठेवले आहे. झगा आणि टोपी पद सांगतात हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याशिवाय हा विनोद कळणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांना गिरोसोत प्रवेश मिळाला आणि राजाज्ञेने ई म्यॉंग-गी यांनी त्यांचे गणवेशातले रीतसर चित्र काढले. त्या कामाची हकीकत त्यांच्या मुलाने लिहून ठेवली असून त्यात खर्चाच्याही नोंदी आहेत.

सॉ जिक-सू यांचे समाधान मात्र कोणी करू शकले नाही. १७९६ साली त्यांचा चेहरा ई म्यॉंग-गी यांनी आणि अंग किम होंग-दो यांनी काढले. आजच्या कोणत्याही अभ्यासकाला विचारा, या जोडीहून वरचढ जोडी त्या काळात नव्हती. जोडे काढून, पांढऱ्या पायमोज्यांवर चटईवर उभे असलेले बासष्ट वर्षांचे सॉ जिक-सू त्यात साक्षात उभे आहेत. परंतु चित्राच्या वरच्या भागात त्यांनी स्वहस्ते लिहिले की हे दोघे नामांकित चित्रकार असले तरी माझ्या अंतरंगाचा एक कणही त्यांना पकडता आला नाही. पुढे आपले आयुष्य डोंगरात राहून साधना करण्याऐवजी भटकंती आणि फुटकळ लेखनात वाया घालवल्याची खंतही आहे, त्यामुळे तक्रार चित्रकारांविषयी किती आणि स्वतःविषयी किती, हे ठरवणे कठीण आहे.

शेवटी, ही चित्रे पाहायला जाणार असाल तर एक सूचना. राजांची चित्रे फार थोडी उरली आहेत, कारण कोरियन युद्धाच्या काळात बुसानला हलवलेला तो संग्रह १९५४ च्या आगीत बहुतांश जळाला. अधिकाऱ्यांची चित्रे कुळाकुळांत विखुरलेली होती म्हणून वाचली. त्यांतली पुष्कळशी आता सोलचे राष्ट्रीय संग्रहालय, योंगिनचे ग्योंगी प्रांतीय संग्रहालय आणि छे जे-गोंग यांच्या चित्रांसाठी सुवॉनचे ह्वासॉंग संग्रहालय येथे आहेत. रेशीम आणि वनस्पतिजन्य रंग उजेडाने खराब होतात, त्यामुळे कोणतेही चित्र वर्षभर टांगलेले नसते. ठराविक काळाने ते कोठारात जाते. जायच्या आधी त्या महिन्यात कोणते चित्र बाहेर आहे ते विचारून घ्या, आणि मोठ्या भिंगाची परवानगी मिळत नसली तरी निदान एक छोटी दुर्बीण जवळ ठेवा; काचेबाहेरून नाकाभोवतीचे फटकारे तिच्यातून चांगले दिसतात.